हुंगाडाच्या पोटात अकरा वर्षं

आधी जनावराची ओळख करून देतो, माझी नंतर. आमच्या मंडळीतही हाच क्रम होता. गावात शिरलो की सगळे जनावराभोवती गोळा व्हायचे. आतल्या माणसाचं नाव विचारावं असं अकरा वर्षांत कोणाला वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही त्याचं वाईट वाटलं नाही.

तर, हुंगाड. सात नद्यांपलीकडे काजळदेश नावाचा मुलूख आहे. तिथं सूर्य उगवतो, पण झाडाखाली उतरत नाही. त्या देशात हुंगाडांची जात राहते. पुढून अस्वलासारखं, मागून तरसासारखं, एक कान सुपाएवढा आणि दुसऱ्याच्या जागी नुसता खळगा. पाण्यात पाय घालत नाही. जोडीदार मेला तर सात दिवस त्याच जागी बसून राहतं. त्या सात दिवसांत समोरून ससा गेला तरी हलत नाही. डोळे मोठे, पिवळेधमक, पण शोभेचे. हुंगाडाला दिसत काहीच नाही. ते नाव हुंगतं. रानात कोणी कोणाला नाव घेऊन हाक मारली, आणि ज्याचं नाव त्यानं सवयीनं ‘ओ’ दिली, की संपलं. हुंगाड त्या ‘ओ’वर झेप घेतं.

हे मला इतकं नेमकं कसं माहीत? कारण काजळदेश मी वसवला आणि हुंगाड मी घडवलं. सौंसरला, संत्र्याच्या लाकडी पेट्या ठोकायच्या एका छपरीत.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही सात जण हप्त्याचे पाच दिवस पेट्या ठोकायचो आणि दोन दिवस दंडार करायचो. दंडार म्हणजे उघड्यावरचं नाटक. पडदा नाही, मंच नाही. कुठल्या तरी गावाचा बाजार उठत आला, उन्हं कलली, की मोकळ्या जागी डफ वाजवायचा; लोक गोल करून बसले की झालं नाट्यगृह. बाकीच्या मंडळ्या राजा-राणीची जुनी वगनाट्यं करत. मला मात्र असं काही पाहिजे होतं जे पांढुर्ण्यापासून लोधीखेड्यापर्यंत कोणी पाहिलेलं नाही. वाघ नको, वाघ सगळ्यांनी ऐकलेला असतो. मग मी जनावराची एक नवी जातच काढली.

मुंडकं पेट्यांच्या पट्ट्यांचं आणि बांबूच्या कमच्यांचं, वरून गोणपाट, त्यावर तव्याची काजळी. डोळ्यांच्या जागी माझ्या बायकोच्या रुखवतातल्या दोन पितळी वाट्या. उतरत्या उन्हात त्या अशा पेटायच्या की पहिल्या रांगेतली बाया-माणसं बसल्या बसल्या मागे सरकायची. (बायको वाट्या मागत राहिली. मी म्हणायचो, “तुझ्या वाट्यांनी सारा तालुका भेवून राहिला, अन् तुले वरणाची पडली!”)

आता धंद्यातलं गुपित. सुरुवातीला मी पाहण्यासाठी भोकं ठेवली होती. पण भोकांतून माझे डोळे दिसायचे आणि लोक हसायचे, म्हणून भोकं बुजवली. मग आत गडद अंधार. मुंडकं इतकं जड, की दोन्ही हातांनी तोलून धरावं लागे. मानेमागे चामडी पट्टा, तो दुसऱ्या माणसानं आवळायचा आणि दुसऱ्यानंच सोडायचा. अशा अवस्थेत झेप घ्यायची ती कुठं? राजपुत्राचं काम करणारा मारोती माझा जिवलग. हाडं त्याची पातळ, वजन माझं भारी. म्हणून आम्ही ठरवलं: राणी त्याला हाक मारील, तो जागेवरून ‘ओ’ देईल, आणि मी त्या ‘ओ’च्या हातभर डावीकडे पडीन. लोकांना वाटावं हुंगाडानं त्याला धरलं. मारोती मात्र शाबूत.

एवढ्याचसाठी तो नियम जन्माला आला. पण मी लेखक माणूस! नियम आहे असं नुसतं कसं सांगणार? मी त्याला काजळदेशाचं शास्त्र करून टाकलं.

आणि त्या शास्त्रावर लोक शास्त्र्यांसारखे भांडायचे. पांढुर्ण्याचा एक बागवाला माझ्याकडे आला. म्हणे, बागेत संत्र्याची चोरी होते, तुमचं हुंगाड दिवसाउजेडी एक चक्कर मारून जाऊ द्या. मी गेलो, डरकाळ्या फोडल्या, चहा पिऊन परत आलो. तिसऱ्या दिवशी तो पुन्हा हजर, तोंड सुकलेलं. चोर तर थांबलेच, पण तोडणारेही कामाला येईनात. दाट बागेत शिडीवरचा माणूस दिसत नाही. नाव घेऊन हाक मारायची, ‘ओ’ आली की तिकडे टोपलं न्यायचं, अशी कामाची रीत. आता हाक मारणार कोण?

“हुंगाड जाम नदीच्या पल्याड गेलं म्हणून सांगतो त्याइले,” तो म्हणाला.

“सांगा. पण थे पाण्यात उतरत नाई नं जी.”

“हो, थेच विचारून राहिले थे लोक! मंग काय सांगू?”

“बैलगाडीत बसून गेलं म्हणा.”

तो खरंच तसं सांगून आला. आम्ही महिनाभर हसलो. तेव्हा हसू आवरून मी एक क्षण विचार केला असता, तर पुढचं कदाचित टळलं असतं. पण स्वतःच्या कल्पनेपायी बागा ओस पडतायत हे पाहून कोणता लेखक विचार करत बसेल?

आमच्या खेळात आणखी एक रीत होती. सोंगाड्या प्रेक्षकांतल्या कोणाचं तरी नाव आधी विचारून ठेवायचा आणि खेळाच्या मध्येच बेसावध गाठून हाक मारायचा. तो माणूस हमखास ‘ओ’ देऊन बसायचा, आणि मी थेट गर्दीत घुसायचो. हसून हसून लोक लोळायचे. बोरगावकडच्या एका वस्तीत असा एक शालिक सापडला. मी त्याला पाहिलं नाही, मला काहीच दिसत नव्हतं. एवढं आठवतं की मी अंगावर पडलो तेव्हा विडीचा आणि संत्र्याच्या सालीचा वास आला, आणि तो माझ्याखाली इतका हसत होता की मुंडकं हलत होतं.

एका वर्षानं त्या वस्तीतले गुरुजी पेट्यांच्या छपरीत आले. बारीक चणीचे, तोलून बोलणारे. बसले नाहीत.

“तुमचं जनावर माझ्या हजेरीपटात शिरलं आहे,” ते म्हणाले.

मला वाटलं, कौतुक आहे. मी खूश होऊन खिळे खाली ठेवले.

मग त्यांनी सांगितलं. शालिक गेला होता. उन्हाळ्यात, भर दुपारी. नाल्याकाठच्या बागेत झाडांना पाणी देत असताना धुऱ्यावर, म्हणजे बागेच्या बांधावर, बिबट आलं. ते आधी दिसलं त्याच्या बायकोला, कांताबाईला. लग्नाला आठ वर्षं झाली होती; नवऱ्याचं नाव तिनं कधी तोंडातून काढलं नव्हतं, ‘अहो’ आणि ‘इकडं पाहा’ यांवर संसार चालला होता. त्या दिवशी तिनं आयुष्यात पहिल्यांदा नाव घेऊन हाक मारली. शालिकनं ‘ओ’ दिली, तिच्याकडे वळला, आणि मागून बिबटानं धरलं.

“वस्तीत कोणी तरी बोललं,” गुरुजी म्हणाले, “की हुंगाडानं त्याचं नाव खेळातच हुंगलं होतं, बाकी होती फक्त हाक. बोलणारा बोलून विसरला. ही बाई विसरली नाही. तिची सहा वर्षांची मुलगी आहे. घरात आता कोणी तिचं नाव घेत नाही. शाळेत पाठवत नाही, कारण शाळेत मी रोज सकाळी काय करतो? नाव घेतो. आणि मूल काय करतं?”

ते जायला वळले.

“तुम्हीच केलंत ते, आता तुम्हीच काय ते करा,” म्हणाले आणि सायकलवर बसून गेले.

मी नाटकवाला. नाटकात केलेलं नाटकात मोडता येईल असं मला वाटलं. लोधीखेड्याच्या खेळात मी नियमच काढून टाकला. राणीनं हाक मारायची नाही, मारोतीनं ‘ओ’ द्यायची नाही. मी पावलं मोजून झेप घ्यायची. मी चौदा पावलं मोजली. तेराव्या पावलावर मारोती होता. माझं सगळं वजन आणि पेट्यांचं लाकूड त्याच्या उजव्या हातावर पडलं. हाड मोडल्याचा आवाज मला मुंडक्याच्या आतही आला. आणि बाहेर एक जण ओरडून राहिला होता, “अबे, हुंगाड असं करतच नाई! नाव घ्या नं नाव!”

खेळ थांबला. पट्टा सोडून मला बाहेर काढलं तेव्हा एक म्हातारा माझ्याजवळ आला आणि अत्यंत गंभीरपणे म्हणाला, “बाबू, तुमाले हुंगाडाची पुरी माहिती नाई. पह्यले माहिती घ्या, मंग सोंग आणा.”

दुसरा कोणता दिवस असता तर हे वाक्य मी सोन्याच्या अक्षरांत लिहून ठेवलं असतं.

चार दिवसांनी मी आणि मारोती मुंडकं बैलगाडीत घालून त्या वस्तीवर गेलो. मारोतीचा हात प्लास्टरात, गळ्यात बांधलेला. सकाळची वेळ होती. मातीचं स्वच्छ सारवलेलं घर, ओसरीवर निळ्या कोटातला, घटनेचं पुस्तक हातात असलेला फोटो, फोटोला ताजा हार. आणि त्याच फोटोखाली खांबाजवळ एक मुलगी खापराच्या तुकड्यानं जमिनीवर रेघोट्या ओढत बसली होती. तिच्या कमरेला सुती दोरी होती. दोरीचं दुसरं टोक तुरी पाखडणाऱ्या आईच्या मनगटाला.

मी खूप सोंगं पाहिली आणि आणली, पण त्या दोरीकडे मला पाहवेना.

शालिकचे वडील, दौलतबाबा, बाजेवर होते. त्यांनी आम्हाला पाणी दिलं. फोटोकडे बोट करून म्हणाले, “ह्याइच्या समोर सांगतो, ह्या घरात आजपर्यंत कोनी शाळा चुकवली नाई. म्या सोता गुराच्या मांगं फिरून चौथी केली. पन सुनेले जबरदस्ती कशी करू? तिनं डोयानं पाह्यलं हाय.”

कांताबाईनं सूप खाली ठेवलं नाही. मुंडक्याकडे एकदा पाहिलं.

“भाऊ, मी येडी नाई,” ती म्हणाली. “थे बिबट होतं, मले समजते. अन् हे पेटीचं लाकूड हाय, थेई समजते. पन मी नाव घेतलं, त्याइनं ओ देल्ली, अन् थे आलं. तुमी जसं सांगतलं तसंच झालं. मंग तुमी कुठून सांगतलं थे?”

इतका नेमका प्रश्न मला कोणा टीकाकारानंही विचारला नसता. मी जे होतं ते सांगितलं. काजळदेश नाही, शास्त्र नाही. मुंडक्याला भोकं नव्हती. मला दिसत नव्हतं. मारोती कुठं आहे ते कळावं म्हणून ‘ओ’ होती.

“म्हंजे धरासाठी?”

“नाई बाई. त्याच्या अंगावर पडू नये म्हून. ओ आली की मी बाजूले पडो. इतक्या वर्सांत एकदाच ओ नाई आली.” मी मारोतीच्या हाताकडे बोट केलं. “त्या दिवशी हे झालं.”

मारोती खास वजन देऊन म्हणाला, “वयनी, हा मानूस आतून पुरा आंधया असते. मी ओ नसती देल्ली तं कवाचाच मेलो असतो.”

सुपातल्या तुरी तिनं एकसारख्या केल्या, पुन्हा केल्या.

“पन माया मानसाले तं दिसत होतं,” ती म्हणाली. “म्या हाक मारली म्हून थो वयला. नाई तं समोर पाह्यलं असतं त्यानं.”

त्या क्षणाला एखादं देखणं वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं, ते मी गिळलं, आणि उभ्या आयुष्यात गिळलेलं ते एकमेव वाक्य असेल. मी म्हणालो, “थे मले मालूम नाई. बिबटाचं मी काय सांगू? मी तं फक्त हुंगाडाचं सांगू शकतो.”

“मंग दाखवा,” ती म्हणाली, आणि उठली.

पुढचं सांगण्याआधी बाकीचं उरकून टाकतो, कारण नंतर मला काही बोलायचं नाही. मुलगी जुलैत शाळेत गेली. गुरुजींनी मला पोस्टकार्ड टाकलं, त्यात एकच ओळ होती: आज हजर. मारोतीचा हात जुळला, पण वाकडा. राजपुत्राची तलवार तो पुढं डाव्या हातानं धरायचा. हुंगाड आणखी काही हंगाम चाललं, नियम होता तसाच राहिला, पण प्रेक्षकांतल्या माणसाला हाक मारायची रीत मी बंद केली. लोक नाराज झाले. मग गावोगाव व्हिडिओ आले आणि लोकांना घाबरायला दुसऱ्या गोष्टी मिळाल्या. मुंडकं आमच्या माळ्यावर आहे. वाट्या बायकोनं काढून घेतल्या. आता त्यांत वरण असतं. हुंगाड आपल्या आजोबांनी पाहिलं होतं असं सांगणारा माणूस मला परवाच सौंसरच्या बस स्टँडवर भेटला. मी त्याला काही बोललो नाही. त्याला माझ्यापेक्षा जास्त माहिती होती.

तर, ते अंगण.

मी मुंडकं कांताबाईच्या खांद्यांवर चढवलं. ते कलंडायला लागलं तसे तिनं दोन्ही हात वर नेऊन ते तोललं. दुसरा इलाजच नसतो. दोरी ताणली जाऊन मनगटाची गाठ सुटली आणि टोक खाली पडलं. मी मागून पट्टा आवळला. अंगणात पातळ लुगड्यातली एक बाई, आणि तिच्या खांद्यांवर काजळी फासलेलं, पितळी डोळ्यांचं एवढं मोठं डोकं. मारोतीलाही हसू आलं नाही.

“दिसते काही?” मी विचारलं.

“नाई.” आवाज खोल आडातून यावा तसा आला. “काईच नाई दिसत.”

मला एवढंच दाखवायचं होतं. आत अंधार आहे, बाकी काही नाही. माझा बेत इथं संपत होता. शपथेवर सांगतो, यापुढचं मी रचलेलं नाही.

मुलीनं जमिनीवर पडलेलं दोरीचं टोक पाहिलं. आईकडे पाहिलं. मग उठली, आणि दोरी मागं फरफटत ओसरीवरून उतरली. बाजेला वळसा घालून, तुरीच्या ढिगाच्या पलीकडे, आईच्या पाठीमागे अंगणाच्या टोकाला जाऊन उभी राहिली. बऱ्याच महिन्यांत ती इतक्या लांब एकटी गेली नसावी. तिच्या पुढं उघडी वाट होती, आणि वाटेपलीकडे बाग.

“दोरी कुठी गेली?” मुंडक्यातून आवाज आला. “बाबा, दोरी कुठी हाय?”

मी पट्टा सोडायला पुढं झालो. दौलतबाबांनी बसल्या जागेवरून माझं मनगट धरलं. म्हातारा माणूस, पण पकड सुताराची. माझ्याकडे पाहिलंही नाही, नुसती मान हलवली.

हुंगाड अंगणात डावीकडे वळलं. उजवीकडे वळलं. पाय चाचपडत होते. “पोट्टे, कुठी हायेस वं? एऽ बाई!”

‘पोट्टे’ आणि ‘बाई’ कोणीही असतं. मुलगी गप्प उभी होती.

मग आतून काहीच आवाज येईना. फक्त श्वास. तो आवाज मला ठाऊक आहे. अकरा वर्षं मी तोच ऐकला. आपलाच श्वास, गोणपाटावर आपटून परत येणारा. आणि बाहेर कुठं तरी आपलं माणूस उभं आहे, पण कुठं, ते कळत नाही. पाऊल टाकावं तर त्याच्यावरच पडेल, अशी भीती.

“सुजाता,” आतून आलं. इतकं हळू, की मला वाटलं भास झाला.

मुलीनं मान वर केली. आपल्यालाच हाक मारली का, अशी आजोबांकडे पाहून राहिली.

“सुजाता!” या वेळी अख्ख्या वस्तीनं ऐकलं. “ओ दे वं माय! सुजाता!”

“ओऽऽ!” मुलगी ओरडली. “इथी हाव माय, मांगं!”

आणि हुंगाड वळलं.